कोरड्या भिंतीचा अहवाल

"हे कपाट जरा पुढे ओढू या," मूल्यमापक म्हणाला. मालकांनी दुसऱ्या बाजूने हात लावला. मागची भिंत कमरेपर्यंत काळी पडली होती. बुरशीचा वास नाकात शिरला.

मूल्यमापक मात्र खूश झाला. "झकास. घरपट्टी निम्म्यावर येते की नाही बघा." त्याने वाकून वाकून फोटो काढले.

भाडेकरू सिस्टर दारात उभ्या राहून बघत होत्या. इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून त्या इथे एकट्या राहत होत्या. या भिंतीबद्दल त्यांनी तीनदा पत्र पाठवलं होतं. ओल नाही, असं मालकांच्या वकिलाने तिन्ही वेळा कळवून टाकलं होतं. मालक स्वतः बघायला एकदाही जिना चढले नव्हते.

मालक म्हणजे बस आगारातले जुने मेकॅनिक. फंडातून तीन खोल्या घेऊन भाड्याने लावल्या, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको म्हणून. आता भाडेवाढीचा दावा कोर्टात आणि घरपट्टी जास्त लावल्याची तक्रार पालिकेच्या कचेरीत, अशा तारखा मोजण्यात दिवस जात होते.

जिना उतरताना त्यांनी विचारलं, "भाडेवाढीसाठी तुम्हीच लिहून दिलंत ना, भिंती कोरड्या ठणठणीत म्हणून?"

"तो कागद कोर्टातला. हा कचेरीतला. त्यांची कधी गाठ पडत नाही."

"भिंत तर एकच आहे."

"तुम्हाला दोन्हीकडे जिंकायचंय ना?" तो दात काढून हसला.

मालकांना त्याची किळस आली. आगारात एकाच ब्रेकला चांगला आणि निकामी, असे दोन दाखले कुणी दिले नसते. पण या माणसाला दोन्ही वेळा बोलावलं होतं आपणच. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

कोर्टातल्या पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलाने सिस्टरना घेरलं. "ओल आहे म्हणता. तुमच्याशिवाय कुणी पाहिलीय?"

"मालकांनी पाहिलीय," सिस्टर म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

न्यायाधीशांनी मालकांकडे बघितलं. वकिलाने डोळ्यांनीच 'नाही म्हणा' अशी खूण केली.

मालक उठले. "आहे, साहेब. कमरेपर्यंत आहे. आम्ही दिलेला अहवाल खोटा आहे."

दावा बारगळला. वकील तोंड फिरवून निघून गेला. मालकांनी सिस्टरना व्हरांड्यात गाठलं. "उद्याच गवंडी आणतो."

"पुढच्या भाडेकरूसाठी आणा. मी महिनाअखेरीस बहिणीकडे चाललेय. डॉक्टरांनी त्या खोलीत झोपायला मनाई केलीय. छाती भरलीय माझी."

"मला सांगायचं होतंत."

"तीनदा लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

महिनाअखेरीस मालक ताबा घ्यायला गेले. खोली झाडून पुसून ठेवलेली होती. सिस्टरनी किल्ली दिली. मालक ट्रंक उचलायला वाकले, तशा त्या म्हणाल्या, "राहू द्या."

इस्पितळातल्या दोन जुन्या सोबतिणींनी ट्रंक उचलली. जिना अरुंद होता. वाट द्यायला मालक पोट आत ओढून कठड्याला चिकटून उभे राहिले. चार पायऱ्या झाल्या की सिस्टर दम घ्यायला थांबत, आणि त्यांच्यासाठी त्या दोघीही ट्रंक तशीच हातात तोलून थांबत.