मायेलिस हलली नाही

"ही खरंच तीच मुलगी आहे?" डॉक्टर अर्येता माझ्यामागून वाकून पडद्याकडे बघत म्हणाले.

तीच होती. मलाम्बो गावची मायेलिस, वय आठ. मागच्या दोन्ही खेपांना तिनं एमआरआयच्या बोगद्यात पायानं ताल धरला, नाक खाजवलं आणि एकदा तर सरळ सरपटत बाहेर आली. चित्रं गेली कचऱ्यात. आज मात्र पोर ओंडक्यासारखी पडून होती.

"नुरिस, काय जादू केलीस?"

"मी कसली करते! जन्म गेला माझा पोरांना 'हलू नका' म्हणण्यात, एक ऐकेल तर शपथ."

अभ्यास लक्ष न टिकणाऱ्या मुलांचा होता. मेंदूचा एक भाग कामाला लागला की स्वप्नं बघणाऱ्या भागानं गप्प बसायचं, ही शिस्त या मुलांच्या मेंदूत उशिरा येते, असं डॉक्टरांचं म्हणणं. ती कशी येते ते मूल मोठं होईपर्यंत बघायचं. निवडलेल्या मुलांना तोवर डॉक्टर स्वतः फुकट तपासणार होते. मायेलिसच्या आईचा, एदिल्माचा, सगळा जीव त्यात अडकला होता. बारांकिया शहरात दुसरा डॉक्टर तिला परवडणारा नव्हता आणि आजची संधी शेवटची होती.

मी तिच्या डोळ्यांवर रोखलेला कॅमेरा सुरू केला आणि कपाळावर हात मारून घेतला. डोळे मिटलेले होते.

"मायेलिस, बाळा, समोरच्या फुलीकडे बघ!"

कुठलं काय! गाढ झोपली होती.

"गेलं," डॉक्टर खुर्चीत बसत म्हणाले. "झोपेतला मेंदू वेगळंच बोलतो. मला जागा हवा."

पुढचा रुग्ण दारात येऊन बसला होता. पुन्हा करायला वेळच नव्हता. माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे हलली तरी नको, झोपली तरी नको! अभ्यास चुळबुळ्या पोरांचा, आणि घेता कुणाला, तर शहाण्या बाळांना?"

"मला कळत नाही असं वाटतं तुला?" तेही चिडले. "हललेल्या चित्रात मेंदूच्या भागांना जोडणारे, मुळात नसलेले धागे दिसतात, बाई. ते खोटे धागे मी कुणाच्या गळ्यात मारू?"

खरंच होतं त्यांचं. म्हणून तर जास्तच चीड आली.

बाहेर एदिल्मा डब्यातल्या तळलेल्या कारिमान्योला पोरीसाठी कागदात गुंडाळत होती. मला बघून झटकन उठली.

"नुरिसताई, हलली नाही ना? रात्रभर जागवली मी तिला. डुलकी आली की उठवून नाचायला लावायची. शेजारीण म्हणाली, दमली की पोर हलत नाही."

"एदिल्मा, अगं, झोपली ती. डोळे उघडे लागतात."

"मग परत करा की."

"आता नाही घेणार तिला."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "शाळेत हलते म्हणून बाहेर काढतात. इथं हलली नाही, तरी बाहेरच?"

या बाईनं पोरीसाठी केलं तेवढं कुणी केलं नसेल, आणि तेच नडलं. तिच्यावर ओरडावं की तिला जवळ घ्यावं, कळेना.

तेवढ्यात मदतनीस मायेलिसला घेऊन आली. डोळे अजून झोपेनं जड होते.

"मी हलले?" तिनं विचारलं.

एदिल्मानं माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं," मी म्हणाले. "अजिबात नाही."

पोरगी हसली नाही की उडी मारली नाही. दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवून, मान ताठ धरून दाराकडे चालू लागली. आईनं खाऊ पुढे केला, तरी हात सुटेना.

"झालं बाई," एदिल्मा म्हणाली. "आता हल."