गालाखालची नावं

पोरिरुआ शहराच्या पूर्व भागात आमच्या दुकानांच्या रांगेच्या टोकाला लाँड्री आहे. तिची बाजूची उंच भिंत कायम कोरी असायची. वस्तीच्या मंडळाने ती रंगवायचं काम ताविताला दिलं. तो इथेच वाढला, आता ऑकलंडमध्ये भिंतींवरच्या चित्रांसाठी नावाजला गेला आहे. कामापुरता तो आपल्या आत्याकडे, फेतुआओकडे उतरला. फेतुआओ चर्चमधल्या बायकांची पुढारी. तिने बोलावलं की माणसं येतात.

"आत्या, शनिवारी सगळ्यांना बोलाव," तो पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाला. "ज्याला जे वाटेल ते भिंतीवर लिहू दे. मोठ्या अक्षरांत."

"नावं चालतील? जुनी घरं पाडल्यावर जी कुटुंबं इथून गेली, त्यांची?"

"भारीच की! बोलाव त्यांना."

"पुसली जाणार नाहीत ना रे?"

"आत्या, ती भिंत आहे. शाळेची पाटी नाही." तो हसला आणि त्याने उकडलेल्या तारोच्या कंदाचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.

फेतुआओने आठवडाभर फोन केले. पांगलेली माणसं शनिवारी परत आली. म्हातारी सिएनी दोन बस बदलून आली. तिचं घर आमच्या रस्त्यावर सगळ्यात शेवटी पाडलं गेलं होतं.

"घर पाडताना मला कुणी विचारलं नाही," ब्रश हातात घेताना ती म्हणाली. "नाव तरी राहू दे इथं."

"राहील. माझा शब्द," फेतुआओ म्हणाली आणि तिने रंगाचा डबा धरला. कुटुंबाचं नाव लिहून झाल्यावर तिने त्याखाली जुना घर क्रमांकही टाकला. मंडळाच्या लोकांनी गर्दीचे फोटो काढले. ताविता शिडीवर चढला आणि त्याने फक्त भिंतीचा फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात फेतुआओ गरम पानिकेकेचा, तळलेल्या गोड गोळ्यांचा, डबा घेऊन लाँड्रीपाशी गेली. सिएनीच्या नावावर तपकिरी रंगाचा एक प्रचंड गाल चढला होता. घर क्रमांकातला शेवटचा आकडा तेवढा हनुवटीजवळ उघडा होता. ती पाहत असतानाच ताविताने त्याच्यावर स्प्रे फिरवला.

"थांब! काय करतोयस?"

"आत्या, ती नुसती खुणेची अक्षरं होती." तो खाली उतरला, मोबाइल दाखवू लागला. भिंतीच्या फोटोवर त्याने चित्राचा आराखडा चिकटवला होता. "हे बघ, या अक्षरापाशी डोळा, त्या आकड्यापाशी हनुवटी. एवढ्या मोठ्या भिंतीवर माप कसं धरणार? सगळे चित्रकार असंच करतात. नंतर वरून रंग."

"तुला हे आधीपासून ठाऊक होतं."

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"सांगितलं असतं तर ती माणसं आली असती? मंडळाला गर्दी दिसायला हवी होती. आणि रेघोट्या मारल्या काय, नावं लिहिली काय, मला सारखंच." त्याने डब्यातला एक पानिकेके तोंडात टाकला. "रागावण्याआधी चेहरा कुणाचा आहे ते तरी बघ की!"

तिने मान वर केली. चेहरा तिचाच होता. केसांत फूल, ओठांवर हसू.

आम्हा बेटांवरून आलेल्या लोकांत एखाद्याने घात केला की त्याच्या घरचं माणूस, गुन्हेगारासह किंवा त्याच्या वतीने, ज्याचा घात झाला त्याच्या दारात डोक्यावर बारीक विणीची चटई घेऊन बसतं. माफ केलं तर घरधनी चटई उचलतो आणि ठेवून घेतो. फेतुआओने आईची चटई काढली. लाल पिसांची कड असलेली.

"सोमवारी सिएनीकडे चल. दोघं बसू."

"मी काय कुणाचा खून केलाय?" ताविता म्हणाला. "रंग आहे तो, आत्या."

ती एकटी गेली. सिएनी आता वरच्या मजल्यावर राहते, दाराला अंगण नाही. म्हणून फेतुआओ खाली, उभ्या गाड्यांच्या मधे, डांबरावर बसली. एकाने हॉर्न वाजवला. ती हलली नाही.

शेवटी सिएनी चपला फटफटवत खाली आली आणि तिने चटईचं टोक वर केलं.

"ऊठ गं बाई. गुडघे धरले तर तुला वर कोण नेणार, मी?"

"माझ्या शब्दावर तुझं नाव गेलं."

"पोरगा कुठाय?"

फेतुआओने नकारार्थी मान हलवली.

"तुझ्यावर माझा राग नाही. चल, चहा पी." सिएनीने चटईची घडी घालून तिच्या मांडीवर ठेवली. "पण ही परत ने. मी त्याच्या हातून घेईन."

संध्याकाळी फेतुआओने चटई भाच्याच्या पलंगावर ठेवली आणि निरोप सांगितला. "बरं, बघतो," तो म्हणाला.

उद्घाटनाला लाँड्रीपुढे खुर्च्या मांडल्या होत्या. सिएनीही आली होती. आता तरी तो चटई घेऊन आपल्याकडे येईल, असं तिला वाटलं असावं. ती आपल्या शेजारची खुर्ची रिकामी धरून बसली होती.

माइकमागच्या दोरीवर तीच चटई टांगलेली होती.

"ही माझ्या आत्याने दिली," ताविता माइकवरून म्हणाला. "या कामाला तिचा आशीर्वाद!"

टाळ्या वाजल्या. मागच्या बायकांनी नाही वाजवल्या. त्यांनी आधी चटईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या हसऱ्या फेतुआओकडे आणि मग खाली खुर्चीत बसलेल्या फेतुआओकडे.

फेतुआओ उठली. तिने दोरीवरची चटई काढली, पिसं आत घेऊन तिची घडी घातली, काखेत मारली आणि सिएनीला सोबत घेऊन बसथांब्याकडे निघाली.

"आत्या, कुठं? अजून फोटो राहिलाय तुझा!" ताविता माइक न सोडताच ओरडला.

"भिंतीवर आहे ना ती," फेतुआओ वळून म्हणाली. "तिचाच काढ. ती हसतेय."