वामकुक्षीच्या वेळी अँडोरा

अँडोरा नावाचा देश ज्याने कोणी त्या डोंगरांच्या खोबणीत नेऊन ठेवला, त्याने आमच्या आर्जेन्तिनातल्या सान्तियागो देल एस्तेरोच्या माणसांचा एकदाही विचार केला नव्हता. केला असता तर निदान घड्याळ तरी जुळवून ठेवलं असतं. माझा धाकटा भाऊ दारीओ हिवाळ्याचा हंगाम करायला तिकडे गेला, बर्फावर घसरायच्या पट्ट्या भाड्याने द्यायला. आणि इकडे दर रविवारी त्याला फोन लावता लावता माझ्या नाकी नऊ आले.

हिशेब ऐका. तो कामावरून खोलीवर यायचा तिथल्या रात्री आठला. घरमालकीण मेर्सेबाई नऊनंतर कुठल्याही भाडेकरूला फोनवर बोलावत नसत. तिथले आठ ते नऊ म्हणजे आमचे दुपारचे चार ते पाच. आणि आमच्या गावात दुपारी जेवणं झाली की पाचपर्यंत माणूस जिवंत नसतो. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात दुकानं बंद, दवाखाना बंद, चर्चसुद्धा बंद. वामकुक्षीच्या वेळी कुणाचं दार वाजवलं तर तो माणूस वर्षभर बोलत नाही. घरच्या फोनवरून परदेश लागत नव्हता, मोबाइल आमच्यात कुणाकडे नव्हता. परदेशी फोन गावात एकाच ठिकाणी, एलियासच्या फोनच्या दुकानात. त्याचे आजोबा सिरियाहून आले म्हणून सगळं गाव त्याला तुर्क म्हणतं. तुर्काचं शटर वर जायचं ठीक पाचला. पाच म्हणजे मेर्सेबाईंचे नऊ.

"काका, रविवारी एक दिवस चारला उघडा," मी विनवायची.

"रविवारी तर मी दुप्पट झोपतो," तुर्क म्हणायचा.

शेवटी आईनं बशीभर खिमा भरलेल्या एम्पानाडा करंज्यांसारख्या तळून पाठवल्या, तेव्हा कुठे तो राजी झाला. चारला पायजम्यावर यायचा, शटर गुडघ्यापर्यंत उचलायचा, आणि आम्ही सगळे ओणवे होऊन आत शिरायचो.

पहिल्या दिवशी त्यानं माझ्या हातातला नंबर वाचला आणि चष्मा पुसला. "सहाच आकडे? निल्दा, पोरी, हा नंबर अर्धा आहे."

"देशच तेवढा आहे, काका."

"आमच्या मेहुण्याच्या कोंबड्यांच्या फार्मला याहून जास्त आकडे आहेत. देशाला सहा? घरी बघ, उरलेला कागद पडला असेल."

ऐकेल तर शपथ. त्यानं स्वतःच्या अकलेनं पुढे दोन शून्यं जोडली. कुठल्या तरी देशातला कुणी तरी माणूस उठला आणि खेकसायला लागला. मी रिसीव्हर ठेवणार तेवढ्यात चोलामावशीनं तो ओढून घेतला आणि पाचेक मिनिटं त्या माणसाला घरची खुशाली सांगितली. बाहेर येऊन म्हणते, "आवाज किती बदलला गं पोराचा. थंडीनं असेल."

दुसऱ्या रविवारी कोड मी स्वतः फिरवला. फोन लागला, मेर्सेबाईंनी उचलला. त्यांची कातालान भाषा मला कळेना, माझी स्पॅनिश त्यांना कळत होती पण कळून घ्यायची नव्हती. "दारीओ! आर्जेन्तिनो!" एवढं मी ओरडले. मग त्या जिन्यातून खाली ओरडल्या, मग तळघरातून तो चार मजले चढून वर आला, आणि तोवर केबिनमधल्या मीटरवरचे लाल आकडे माझ्या डोळ्यांसमोर धावत राहिले.

केबिन एका माणसाची. आत आम्ही चौघं: आई, बाबा, मावशी आणि मी. काचेवर वाफ धरायची. आणि मग सुरू व्हायचं.

"जेवलास का?" आई.

"जेवलो. सगळे कसे आहेत?"

"छान! सगळे छान! इथं ऊन फार. कुत्रीला पाच पिल्लं झाली."

"बाबा?"

"बाबा मस्त! हे बघ, देते."

बाबा रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचे आणि समुद्रापलीकडे आवाज पोचावा म्हणून रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये घणाच्या आवाजाच्या वर ओरडायचे तसे ओरडायचे. "बर्फ आहे का रे तिकडे?"

"आहे बाबा."

"चांगलं!" की रिसीव्हर माझ्या हातात. दर रविवारी तेवढंच. मुलगा एवढ्या लांब आणि बापाला काय विचारायचं, तर बर्फ. माझं डोकं फिरायचं.

कारण बाबा मस्त नव्हते. डिसेंबरपासून त्यांचं यकृत गेलं होतं. आईला माहीत होतं, मावशीला माहीत होतं, मला माहीत होतं. बाबांना आम्ही पित्त म्हणून सांगितलं होतं, आणि दारीओला काहीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे लांबच्या माणसाला वाईट बातमी फोनवर देत नाहीत. तो तिथं एकटा, त्याच्या खांद्यावर हात ठेवायला कुणी नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला, असं म्हणतात. ऐकायला फार मायेचं वाटतं. चोलामावशीचा नवरा दक्षिणेत तेलाच्या विहिरीवर होता. तो ख्रिसमसला आला तो स्वतःच्या आईसाठी शाल घेऊन, आणि आईला पुरून चार महिने झाले होते. मावशी हा किस्सा सांगते तोही कौतुकानं सांगते: "शेवटपर्यंत त्याला कळू दिलं नाही आम्ही!"

फेब्रुवारीत डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाजूला घेतलं. म्हणाले, ईस्टर बघतील असं धरून चालू नका. ईस्टर एप्रिलमध्ये. दारीओचा हंगामही एप्रिलमध्येच संपत होता. हे मी आईला सांगितलं. तिनं हातातला मातेचा कडू चहा तसाच ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टर काय देव आहे? मुलाला तू काही बोलायचं नाहीस. बोललीस तर या घरात पाय ठेवू नको."

"आई, तो नंतर मला विचारेल. तुला विचारेल."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

पुढच्या रविवारी केबिनमध्ये मी तोंड उघडलं होतं. "दारीओ, ऐक, बाबांना..." एवढं म्हणेपर्यंत आईनं मला दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मावशी मागून ओरडली, "बाबांना नवीन सायकल घेतलीय!" ज्या माणसाला अंगणातून संडासापर्यंत जाताना धाप लागत होती, त्याला सायकल. बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला आणि विचारलं, "बर्फ आहे का?"

त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं. खूप झाला हा मायेचा बाजार.

मंगळवारी सगळे झोपल्यावर मी निघाले. आई आत पंख्याखाली, बाबा अंगणात झाडाखालच्या बाजेवर, तोंडावर हॅट. रस्त्यावर डांबर पायाला चिकटत होतं. तुर्काचं शटर वाजवलं. शांत. परत वाजवलं. समोरच्या घरातून कुणी तरी माझ्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला. मग मी गल्लीतून मागच्या दाराला गेले.

मागचं दार उघडंच होतं. आणि आमचा तुर्क, जो चार वाजता उठायचं म्हणजे प्राण जातो असा चेहरा करायचा, तो स्वच्छ सदरा घालून टेबलाशी बसला होता, पत्ते पिसत.

"तू?" तो दचकला. "म्हातारा बरा आहे ना?"

"कुठला म्हातारा?"

त्यानं जीभ चावली. पत्ते खाली ठेवले, परत उचलले. "मला वाटलं... आज मंगळवार ना. मंगळवारी तो येतो."

"बाबा? इथं? वामकुक्षीत?"

"हे बघ, निल्दा, मी शब्द दिलाय. मला काही विचारू नको."

"तीन महिने मी तुमच्या हातापाया पडतेय! एम्पानाडा तळून आणतेय! आणि त्यांना रोज उघडं?"

"रोज नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी," तो म्हणाला. "आणि त्यानं कधी विनवणी केली नाही. तो मागच्या दारानं येतो, एक डाव खेळतो, मग फोन करतो."

मला त्याला टेबलासकट उचलून रस्त्यावर फेकावंसं वाटलं. मी केबिनमध्ये शिरले आणि दार आपटलं.

मेर्सेबाई, जिना, तळघर, चार मजले. मग दारीओचा धापा टाकणारा आवाज: "बाबा?"

"मी आहे. निल्दा."

मग अगदी हळू, "काय झालं?"

"अजून काही झालं नाही. ऐक, मध्ये बोलू नको, परत मला धीर होणार नाही. बाबांना पित्त नाहीये."

"माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. जानेवारीत. यकृत आहे ना? त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावरचा रिपोर्ट वाचला, तुम्ही बाहेर होतात तेव्हा."

मी काचेला टेकले. काच तापलेली होती. त्या घरात एका माणसापासून लपवायचं म्हणून आम्ही तीन बायका कुजबुजत होतो, दार लावून रडत होतो, आणि तो माणूस सगळं जाणून दर रविवारी केबिनमध्ये बर्फाची चौकशी करत होता.

"मग रविवारी असलं सोंग कशाला?"

"आईसाठी. म्हणाले, तिला वाटतं ती मला जपतेय, तेवढंच तिच्या हातात आहे. ते काढून घेऊ नको." दारीओनं नाक ओढलं. "मी लगेच निघणार होतो गं. त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. हंगाम पुरा कर, नाही तर पुढच्या वर्षी कामाचा परवाना देणार नाहीत तुला. एप्रिलमध्ये ये, मी आहे म्हणाले. दर वेळी तेच म्हणतात. मी आहे."

त्यांना तेवढंच माहीत होतं. रिपोर्टमध्ये रोगाचं नाव असतं, मुदत नसते. ती व्हरांड्यात मला एकटीला मिळाली होती.

"दारीओ," मी म्हणाले, "एप्रिल नाहीये."

पलीकडे कुणी तरी जिन्यावरून हसत गेलं. मेर्सेबाईंनी काही तरी विचारलं. मीटर धावत होता, धावू दे म्हटलं.

"परतीचं तिकीट आहे माझ्याकडे," तो शेवटी म्हणाला. "तारीख बदलतो. पुढच्या गुरुवारी सकाळच्या बसनं पोचतो. त्यांना तू सांगशील? माझ्याच्यानं नाही व्हायचं."

म्हणजे ते पण माझ्याच गळ्यात. या घरातलं अवघड काम नेमकं माझ्याच वाट्याला कसं येतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

घरी आले तर बाबा बाजेवर उठून बसले होते, बूट घालत. नाडी बांधायला वाकलं की श्वास कोंडायचा, म्हणून एक पाय बाजेवर घेतला होता. मला दारातून येताना बघितलं आणि नाडी सोडली.

"तुर्काकडून आलीस?"

"हो."

"बेइमान आहे तो."

"त्यानं काही सांगितलं नाही. दारीओनं सांगितलं." मी एका दमात बोलून टाकलं. "तो पुढच्या गुरुवारी सकाळच्या बसनं येतोय."

आणि माझे बाबा भडकले. गाढव आहे तो! हंगाम अर्धा टाकून येतो म्हणजे काय? उभं कोण करणार त्याला परत? आणि तू, तुला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला? बायकांच्या पोटात काही राहत नाही! माझं मी बघत होतो ना! कित्येक आठवड्यांत ते एवढं बोलले नव्हते. मानेच्या शिरा फुगल्या, आवाज शेजारच्या तीन अंगणांत गेला असेल, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून मनात म्हणत होते, ओरडा, अजून ओरडा.

"काय चाललंय?" आतून आईचा झोपेतला आवाज आला. "माणसानं झोपायचं का नाही?"

बाबांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "कुत्रं शिरलं होतं. झोप तू."

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. बाबांनी श्वास जागेवर येईपर्यंत वाट बघितली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्याला म्हणावं, एप्रिलपर्यंत थांब. दोनच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मला बोलायचं होतं, काहीही, कुत्रीच्या पिल्लांबद्दल, सायकलबद्दलसुद्धा. पण तोंडातून एक शब्द निघेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग नजर काढून घेतली आणि पायातला एक बूट काढून बाजेखाली नीट ठेवला.

"गुरुवारी सकाळी म्हणालीस ना?"

"हो."

त्यांनी गालावरून हात फिरवला. दाढीचे पांढरे खुंट, आत गेलेले गाल.

"मग बुधवारी न्हाव्याला घरी बोलाव," ते म्हणाले. "असलं थोबाड घेऊन मी स्टँडवर जाणार नाही."