अर्ध्या ताडपत्रीची पूर्ण कैफियत

आभाळाचा मारा आणि माणसाचं डोकं यांच्यामध्ये ठामपणे उभी राहणारी जगातली अखेरची शक्ती म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. खरं सांगायचं तर, अर्धी.

माझा जन्म कारखान्यातला. जाड कापड, काठाला पितळी कड्या. एका कौलारू घराच्या मालकांनी मला आणलं. गारांचे दिवस आले की ते कौलांवर जुन्या गाद्या पसरत आणि वरून मला टाकत. निम्मी मी छपराच्या या उतारावर, निम्मी त्या. दोन्ही टोकं खाली वाशांना बांधली, की मी जागची हलत नसे. तीस वर्षांत एक कौल फुटलं नाही. शेजारी म्हणायचे, "ताडपत्री असावी तर अशी." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मालक गेले आणि दोन मुलांनी घर वाटून घेतलं. छपराच्या माथ्याखाली मधोमध भिंत आली, ती आईच्या खोलीपाशी थांबली. थोरला सुतार. त्याने पट्टी लावून, रेघ मारून मला बरोबर मधोमध कापलं. इतकं सुबक काम त्याने गिऱ्हाइकाचंही कधी केलं नव्हतं.

"नीट बघून घे. नंतर म्हणशील, दादाने चार बोटं जास्त घेतली."

"म्हणणारच आहे," घड्याळं दुरुस्त करणारा धाकटा म्हणाला.

गारांची चाहूल लागली तेव्हा घोळ कळला. अर्ध्या ताडपत्रीचं खालचं टोक बांधता येतं, वरचं कशाला बांधणार? दोर पलीकडच्या वाशाला न्यावा, तर पलीकडे भाऊ.

"तुझा दोर माझ्या वाशाला नको," दोघंही म्हणाले. आवाज अगदी वडिलांचा.

गारा आल्या. मी गाद्यांसकट घसरून अंगणात, दुसरा तुकडा परसात. आईच्या खोलीवरचं कौल फुटून तिच्या उशीवर पडलं. ती नेमकी पाणी प्यायला उठली होती.

दोघं धावत आले. आई उशीवरचे तुकडे वेचत म्हणाली, "मी कुणाच्या वाटणीत आहे, तेवढं ठरवून ठेवा. रडायला येणाऱ्यांना दार कळायला हवं."

तिने दाभण आणि सुतळी काढली. "धरा दोन्ही तुकडे."

"ताणून धर की."

"सैल तूच सोडतोयस, दादा."

"शिवून होईपर्यंत तोंडं बंद," आई म्हणाली. ती अजून बंदच आहेत. दोघं आपापल्या शिडीने चढतात, मला बांधतात, एकमेकांकडे न बघता उतरतात. कौल मात्र पुन्हा फुटलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, छपराची काळजी गारांआधी घ्या. मला ओली असताना घडी घालू नका. गारा वाटणीपत्र वाचत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आणि एक बारीकसं काम होतं. शिवताना तो दुसरा तुकडा माझ्यावर चार बोटं चढलाय. त्याला जरा मागे सरकवा.