अकरा चेहरे, तीन रंग

आमच्या तालमीचा फुटबॉल संघ फायनलला पोचला आणि चौकातल्या बोर्डासाठी अकरा खेळाडूंचे चेहरे काढले कुणी? माझ्या वर्गातल्या रुद्राणीनं! इमेका आमचा स्ट्रायकर, नायजेरियाचा. सेमीफायनलला समोरची पोरं त्याला ‘ए काळ्या’ म्हणून ओरडत होती. रुद्राणी भांडली नाही. आठ दिवस घरात बसून तिनं चित्र काढलं.

फायनलच्या आदल्या दिवशी ते घेऊन आम्ही शाहूपुरीत आकारामकाकांच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. काकांनी चित्र स्कॅन केलं, सवयीनं दोन बटणं दाबली, आणि स्क्रीनवर अकराच्या अकरा गोरेपान! इमेका तर आमच्या गणिताच्या सरांसारखा दिसायला लागला.

“काका, हे काय केलंसा?” मी ओरडले.

“उजाळलं की. सगळ्यांचंच उजाळतो.”

“पण कुणी सांगितलं?”

“तुझ्या वाढदिवसाच्या बोर्डाला तूच म्हणालतीस की, ‘काका, जरा गोरी करा’!”

मी खरंच तसं म्हणाले होते.

रुद्राणीनं मूळ चित्र काउंटरवर पसरलं. “काका, यात तीनच रंग हायत. लाल, पिवळा, निळा. आमचा गोलकीपर सयाजीदादा त्यातनंच काढलाय, इमेका बी त्यातनंच. नुसतं प्रमाण बदललंय. उजाळायचं असंल तर छापूच नका.”

फ्लेक्स यायच्या आधी काका ब्रशनं पाट्या रंगवायचे. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला.

“गालावर निळा घातलायस व्हय? भारी डोकं हाय पोरी!”

त्यांनी बदल काढून टाकला. पण छापलेला तपकिरी मूळ चित्राशी जुळेना. काका रंग थोडा बदलून छोटी पट्टी छापायचे, रुद्राणी ती इमेकाच्या चेहऱ्याला लावून बघायची आणि मान हलवायची. पाचव्या पट्टीला दोघं एकदम म्हणाले, “हां!” मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं.

सकाळी बोर्ड लागला. इमेका त्याखाली कितीतरी वेळ उभा होता. इथल्या तीन वर्षांत तो आमच्यासारखंच बोलायला शिकलाय.

“कुणी काढलं?”

मी रुद्राणीला पुढं ढकललं.

“कान लई मोठं काढलंस की!”

“हायतच मोठं!”

इमेकानं स्वतःचे कान चाचपले, पुन्हा बोर्डाकडं बघितलं आणि चौकभर ऐकू जाईल असा ओरडला, “सयाजी, पळत ये! तुझं माझ्यापेक्षा मोठं हायत!”