तिसरे न्यायाधीश

आमच्या बेटावर किंग्सटाउनला तेव्हा बोटी लागायला मोठा धक्का नव्हता. बोटी लांबवर नांगर टाकायच्या आणि आम्ही होडीवाले उतारूंना किनाऱ्याला आणायचो. त्या सकाळी समुद्र इतका खवळला होता, की एकही होडी निघाली नाही.

ग्रेनेडाहून आलेल्या बोटीवर एक न्यायाधीश होते. फाशीचं अपील ऐकायला वेगवेगळ्या बेटांवरचे तीन न्यायाधीश लागत. दोघे आधीच येऊन थांबले होते. हे तिसरे उतरले नाहीत, तर बोट त्यांना घेऊन पुढे जाणार आणि कोर्ट पुन्हा भरायला सहा महिने लागणार. इकडे ज्याचं हे अपील होतं त्या हिल्टनने फाशीच्या कोठडीत जेवण जवळजवळ सोडलंच होतं.

त्याची बहीण व्हर्ना माझ्या मागेच लागली. "कथबर्टदादा, चल ना! सहा महिने नाही निघायचे त्याच्याने."

"आणि बुडालो तर?"

"मी येते. पाणी उपसायला कुणीतरी हवंच की."

"ये. पण तिथे तोंड उघडायचं नाही. आरोपीची बहीण भेटली असं कळलं, तर साहेब खटल्याला हातच लावायचे नाहीत."

न्यायाधीश बोटीच्या शिडीवरून आमच्या होडीत उतरले तेव्हा पांढरेफटक पडले होते. लाटेने होडी उचलली तसा त्यांनी व्हर्नाचा खांदा गच्च धरला.

"ही बाई कोण?"

मी वल्हं मारतच म्हणालो, "पाणी उपसते, साहेब."

व्हर्ना मान खाली घालून उपसत राहिली.

दुपारी कोर्ट भरलं. साहेबांची नजर गर्दीवरून फिरता फिरता व्हर्नावर थांबली. तिने माझा हात असा दाबला, की नखं रुतली. ते आता काहीतरी बोलणार असं वाटलं. पण त्यांनी समोरचे कागद उघडले.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. आधी आलेल्या दोघांना हिल्टनविरुद्धचा साक्षीदार खोटा वाटला. आमच्या साहेबांनी मात्र फाशी योग्यच ठरवली. दोघांचं मत चाललं, हिल्टन सुटला.

"आणि यांना आणायला आपण जीव धोक्यात घातला!" मी म्हणालो.

"ते नसते तर बाकीच्यांना बोलता तरी आलं असतं का, दादा?" व्हर्ना म्हणाली.

हिल्टन बाहेर आला तेव्हा त्याला उजेड सोसवेना. तिने त्याला मागच्या गल्लीने घरी नेलं. पुढे कित्येक महिने तो दार सताड उघडं टाकून झोपायचा, आणि व्हर्ना उंबऱ्याशी जागी बसायची.