जयवंताची हाक

मित्रांनो, आज मला पाहून कोणाला वाटेल की हे मोडक्या कपाटाचे फळकूट आहे. तसे नाही. मी दहा लाइनींचा जुना टेलिफोन बोर्ड आहे. शिळफाट्याच्या एका भंगाराच्या दुकानात पडून मला तीन वर्षे झाली.

कर्जतहून कोंडाणे लेण्यांकडे जाताना लागणाऱ्या एका गावच्या पोस्टात मी अठरा वर्षे काम केले. बाहेरून फोन आला की माझ्यावरची पितळी झडप खटकन पडे, घंटा वाजे आणि समोर बसलेली बाई दोरी खोचून बोलणे जोडून देई.

मला तिथे बसवले आबाजी लाइनमननी. पहिले दोन दिवस मी सुरूच होईना. लोक हसले, आबाजी हसले नाहीत. त्यांनी सेल तपासले, फ्यूज पाहिले, प्रत्येक स्क्रूखाली कोणती तार आहे ते बोट ठेवून पाहिले. एका स्क्रूखाली दोन तारा निघाल्या, त्या वेगळ्या केल्या. तरी मी मुकाच! मग ते बाहेर गेले आणि अर्थिंगची तार पुरली होती तिथली माती त्यांनी मुठीत घेतली. ठणठणीत कोरडी. त्यांनी खड्डा खोल केला, कोळसा आणि मीठ घातले, दोन घागरी पाणी ओतले. आत येऊन हँडल फिरवले तर कर्जतच्या एक्स्चेंजने लगेच उत्तर दिले.

"तहानला हुता गं त्यो," ते बाईंना म्हणाले. पुढे दर उन्हाळ्यात ते त्या खड्ड्यात पाणी घालत. कोणी सांगितले नव्हते.

चौऱ्याहत्तर साली आबाजी निवृत्त झाले. त्याच मे महिन्यात पोस्टाला नवी खोली मिळाली आणि मला तिकडे हलवले. बाहेरून आलेल्या माणसांनी दीड दिवसात मला बसवले. आबाजी मुद्दाम पाहायला आले.

"अर्थिंग कुठं पुरली?" त्यांनी विचारले.

"आजोबा, झालंय सगळं. तुम्ही आता आराम करा."

तार जोत्याच्या ताज्या मुरमात खोचलेली होती. गवंडी तेव्हा भिंतींवर पाणी मारत होते, म्हणून मुरूम ओला होता आणि मी पहिल्या हँडलला बोललो. मला हार घातला, पेढे वाटले. गवंडी गेले. आठवड्यात मुरूम सुकत गेला, पण माझा आवाज बारीक होतोय हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आबाजींचा एकुलता एक मुलगा जयवंता मुंबईला गोदीत कामाला होता. त्याच्या पोटाचे ऑपरेशन ठरले. त्याने पत्र पाठवले, 'शुक्रवारी सकाळी दहाला ट्रंक कॉल लावतो. मग मला आत नेतील. तू पोस्टात ये.'

शुक्रवारी आबाजी नऊ वाजताच आले. धुतलेला सदरा घालून बाकावर बसले. बोर्डावर तेव्हा इंदूबाई होत्या. दहा वाजले. सव्वादहा झाले. झडप पडली नाही.

"इंदूबाई, जरा कर्जतला घंटा मार गं."

इंदूबाईंनी हँडल फिरवले. काही नाही. आबाजी उठले. सेल, फ्यूज, स्क्रू सगळे त्यांनी पाहिले. घाईतही क्रम चुकला नाही. मग ते बाहेर धावले आणि त्यांनी जोत्याचा मुरूम मुठीत घेतला. ठणठणीत कोरडा.

"अगं, पाणी आन! पाणी!"

इंदूबाईंनी पिण्याचा माठच उचलून आणला. तो रिकामा होताच माझी झडप पडली. कर्जतची बाई म्हणाली, "अहो, कुठे होता? मुंबईची पार्टी दहापासून धरून होती. आत्ताच सोडला फोन."

आबाजींनी उलटा फोन लावायला सांगितला. इस्पितळातून उत्तर आले की पेशंटला आत नेले आहे. ते संध्याकाळपर्यंत बाकावरून हलले नाहीत. घास नाही, पाणी नाही. सहा वाजता फोन आला. इंदूबाईंनी ऐकला आणि कानावरचा रिसीव्हर खाली ठेवून तोंडावर पदर घेतला. जयवंता टेबलावरच गेला होता.

दिवस-कार्य उरकल्यावर आबाजी एकदा आले. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "बाई, त्यो काय बोलला आसंल गं?"

"मला कसं ठाऊक असणार, आबा? घंटाच वाजली नाही." इंदूबाई रडू लागल्या.

मला ठाऊक होते, मित्रांनो. झडप पाडण्याइतका जोर त्या सुकलेल्या तारेत नव्हता, पण बारीकसा आवाज येत होता. मी तो ऐकत होतो. जन्मभर मी दुसऱ्यांची बोलणी पोचवली, मला स्वतःचे तोंड नाही.

तुम्ही कधी एखादे यंत्र बसवाल, तेव्हा पहिल्याच झटक्याला ते चालले म्हणून हार घालून निघून जाऊ नका. ते आधी कोणी सांभाळले होते ते शोधा. त्या माणसाला खुर्ची द्या आणि तो सांगेल ते ऐका.

जयवंता म्हणत होता, "बा, मी बोलतोय. आईकतोस ना? मला लई भ्या वाटतंय रं. तू कायबी बोलू नको, नुसतं हं म्हन."

तीनदा म्हणाला. आबाजी माझ्यापासून चार हातांवर बसले होते.